वॅलेटा ते इम्दीना: माल्टात बसने फिरायचा एक निवांत दिवस

युरोपात जुनी शहरं पुष्कळ आहेत, पण जिथे जमिनीवर बसशिवाय दुसरं सार्वजनिक वाहनच नाही असा देश विरळा. माल्टात रेल्वे नाही, मेट्रो नाही, ट्राम नाही. भूमध्य समुद्रातला ३१६ चौरस किलोमीटरचा हा बेटांचा देश बसवर चालतो, आणि जवळपास सगळ्या महत्त्वाच्या बस राजधानी वॅलेटाच्या वेशीबाहेरून सुटतात. त्यामुळे इथे बस हा पैसे वाचवायचा नाइलाज राहत नाही, तोच फिरायचा मुख्य मार्ग होतो.

एका दिवसात दोन जुनी शहरं बघायची: सकाळी आजची राजधानी वॅलेटा, दुपार कलल्यावर जुनी राजधानी इम्दीना. दोन्हींमध्ये जेमतेम बारा किलोमीटर अंतर. बहुतेक पर्यटक हाच दिवस उलटा लावतात. सकाळी दहाला इम्दीना गाठतात, सहलीच्या गाड्या आणि जहाजावरून आलेल्या लोकांच्या गर्दीत तासभर घालवतात आणि ऐन उन्हात वॅलेटात येतात. माझं ठाम मत आहे की क्रम बदलला तर हाच दिवस दुप्पट सुखाचा होतो. सकाळी वॅलेटाच्या अरुंद रस्त्यांवर सावली असते, कॅथेड्रलमध्ये रांग छोटी असते. आणि इम्दीना चार वाजल्यानंतर, गर्दी ओसरली की खऱ्या अर्थाने बघण्यासारखं होतं.

आधी थोडी तयारी

माल्टा २००४ पासून युरोपीय संघात आहे, २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आणि २००८ पासून तिथे युरो चालतो. म्हणजे इटली किंवा फ्रान्सच्या सहलीला जोडून आलात तर नेहमीचा शेंगेन व्हिसा पुरतो, फक्त तो एकदाच प्रवेशाचा असेल तर मध्ये शेंगेनबाहेर पाऊल टाकू नका. ब्रिटिशांचं राज्य १९६४ पर्यंत इथे होतं, त्यामुळे वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डावीकडून चालतात, प्लगही ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे. इंग्रजी ही माल्टीजच्या बरोबरीने अधिकृत भाषा आहे. रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायची आपली सवय इथे कामाला येते, युरोपात बहुतेक इतर ठिकाणी तीच अंगाशी येते.

मोसम निवडायची मुभा असेल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये चुनखडीच्या दगडावरून ऊन परावर्तित होतं आणि डोळ्यांना त्रास होतो. मुंबईची सवय असलेल्यांनाही ते ऊन वेगळं वाटतं, कारण सावली देणारी झाडं फारच कमी. टोपी, गॉगल, पाण्याची बाटली आणि घट्ट पकड असलेले बूट इतकं हवंच. बुटांबद्दल मी आग्रहाने सांगेन. वॅलेटाचे उतार आणि पायऱ्या शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झाल्या आहेत आणि पावसाची भुरभुर झाली तरी निसरड्या होतात. आणखी एक: टोकदार टाचांची पादत्राणं घातलीत तर कॅथेड्रलमध्ये घेत नाहीत. खांदे झाकतील असे कपडे किंवा एक ओढणी बरोबर ठेवा.

दिवस निवडताना रविवार टाळा. वॅलेटाचं आणि इम्दीनाचं, दोन्ही कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांसाठी नाही. शनिवारीही वेळा आधी पाहून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे जहाजांचं वेळापत्रक. वॅलेटाच्या बंदरात मोठी प्रवासी जहाजं लागतात आणि कोणत्या दिवशी कोणतं येणार हे आधीपासून जाहीर असतं. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी असतील तर शक्य असल्यास तो दिवस सोडून द्या.

तिकीट, कार्ड आणि बस थांबवायची रीत

बससेवेच्या अॅपचं आणि कार्डाचं नाव 'तालिन्या'. ते अॅप फोनवर घ्या. थांब्यावर पुढची बस किती मिनिटांत येतेय ते त्यात दिसतं. गूगल मॅप्सवरही मार्ग मिळतात.

एका प्रवासाचं तिकीट दिवसा दोन-अडीच युरोंच्या घरात असतं आणि ते दोन तास चालतं. त्या दोन तासांत बस बदलली तरी पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे द्यायच्या पद्धती तीन. चालकाकडे रोख, बसमधल्या यंत्रावर टॅप करून बँकेचं कार्ड, किंवा आधी घेतलेलं तालिन्या कार्ड. रोख देणार असाल तर सुटे ठेवा, मोठी नोट चालक घेत नाहीत. बँकेचं कार्ड वापरणार असाल तर भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, हे दोन्ही सुरू करून घ्या. एरवी दुकानात चालणारं कार्ड बसच्या यंत्रावर अडतं ते बहुतेकदा यातलं दुसरं बंद असल्यामुळे. दोन माणसं एकाच कार्डावर जाणार असाल तर चालकाला आधी सांगा, नाहीतर प्रत्येकाने आपापलं कार्ड टेकवायचं. माल्टात आठवडाभर असाल तर सात दिवस अमर्याद फिरता येणारं एक्सप्लोर कार्ड घ्या. एकाच दिवसासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

आता महत्त्वाची रीत. थांब्यावर नुसतं उभं राहिलं म्हणून बस थांबेल असं धरू नका. बस दिसली की हात स्पष्ट पुढे करायचा. चालकाला तुमच्या थांब्यावर कुणी आपल्या बसची वाट बघतंय की दुसऱ्या हे कळायला दुसरा मार्ग नसतो. पुढच्या दाराने चढायचं, मधल्या दाराने उतरायचं, आणि उतरण्याआधी लाल बटण दाबायचं. उन्हाळ्यात भरलेली बस थांब्यावर न थांबता निघून जाते. म्हणूनच या दिवसाची आखणी मी अशी केली आहे की लांबच्या प्रवासाची बस सुटते तिथूनच पकडायची.

चालक भारतीय निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गेल्या काही वर्षांत भारतातून बरेच चालक इथे कामाला आले आहेत. 'कुठून आलात?' एवढं हिंदीत विचारलं की चेहरा खुलतो, पण गाडी चालू असताना गप्पा नकोत. रस्ते अरुंद आहेत.

सकाळ: वॅलेटा

स्लिमा, सेंट ज्युलियन्स, बुजिब्बा, कुठेही उतरला असलात तरी वॅलेटाची बस मिळते. स्लिमाहून आलात तर बसऐवजी फेरीबोटही आहे आणि सकाळी रस्ते तुंबतात तेव्हा तीच जास्त शहाणपणाची. बसने साडेआठपर्यंत वॅलेटाच्या स्थानकावर पोहोचा.

स्थानक म्हणजे ट्रायटन कारंज्याभोवतीचा मोठा मोकळा परिसर. तीन ब्राँझचे ट्रायटन, म्हणजे ग्रीक पुराणातले समुद्रदेव, डोक्यावर परात धरून आहेत, ते कारंजं १९५९ चं. उतरल्यावर लगेच शहरात घुसू नका. आधी दुपारच्या बसची सोय बघून ठेवा: स्थानकाचे फलाट अक्षर आणि आकड्यांनी ओळखले जातात, त्यातला इम्दीना आणि तिच्या वेशीबाहेरचं गाव रबात यांकडे जाणाऱ्या ५१, ५२, ५३ क्रमांकांचा फलाट शोधून ठेवा आणि फोनवर फोटो काढा. दुपारी उन्हात, गर्दीत शोधाशोध करण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम सकाळीच उरकलेलं बरं.

इथेच टपऱ्यांवर इम्मारेत मिळतात. खजुराचं सारण भरून तळलेले चौकोनी तुकडे, सारणात बडीशेपेसारखा वास. गरमच खायचे. सकाळच्या चहाबरोबर दोन पुरतात.

वेशीतून आत शिरताना दोन्ही बाजूंना सरळ कापलेल्या दगडाच्या उंच भिंती दिसतात. ही आजची वेस आणि तिच्या आतली संसदेची इमारत इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांची. काहींना ती जुन्या शहराला विजोड वाटते. मला आवडते, कारण दगड तोच, मधासारख्या रंगाचा स्थानिक चुनखडक, आणि नक्कल केल्याचा आव कुठेही नाही. संसदेशेजारी मोडक्या खांबांच्या मधोमध एक खुलं नाट्यगृह आहे. ते जुन्या ऑपेराघराचे अवशेष. ७ एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं आणि पुन्हा उभारलं गेलं नाही.

शहराचा आराखडा समजून घेतला की नकाशा लागतच नाही. १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सैन्याचा मोठा वेढा माल्टाने परतवला. तेव्हा माल्टावर सेंट जॉनचे नाइट्स या ख्रिस्ती लढवय्या पंथाचं राज्य होतं; त्यांचा त्यावेळचा प्रमुख, म्हणजे ग्रँडमास्टर, ज्याँ दे ला व्हालेट याने पुढच्याच वर्षी, १५६६ च्या मार्चमध्ये, ओसाड डोंगरसोंडेवर या शहराचा पाया घातला. फ्रांचेस्को लापारेल्ली या लष्करी अभियंत्याने रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतील असे आखले. मधून जाणारा रिपब्लिक स्ट्रीट हा कणा, त्याला समांतर मर्चंट्स स्ट्रीट, आणि दोन्हींना छेदणारे आडवे रस्ते दोन्ही बाजूंच्या समुद्राकडे उतरत जातात. कुठेही हरवलात तर चढाच्या दिशेने चाला, रिपब्लिक स्ट्रीट लागतोच. शहर लांबीला जेमतेम किलोमीटरभर आहे. वर बघायला विसरू नका: रंगवलेल्या लाकडाच्या बंद बाल्कन्या, हिरव्या, लाल, निळ्या, एकीला लागून दुसरी.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रलला दार उघडायच्या वेळी हजर राहा. तिकीट साधारण पंधरा युरो, त्यात श्राव्य मार्गदर्शक येतो. या दिवसातला हा सगळ्यात मोठा खर्च आणि तोच वाचवू नये असा. बाहेरून इमारत किल्ल्यासारखी रुक्ष आहे. १५७० च्या दशकात जिरोलामो कस्सार या माल्टीज अभियंत्याने बांधली तेव्हा आतूनही साधीच होती. आतलं सोनेरी कोरीवकाम आणि छतावरची मात्तिया प्रेती या इटालियन चित्रकाराची चित्रं ही जवळपास शंभर वर्षांनंतरची, १६६० च्या दशकातली.

बहुतेक जण मान वर करून चालतात. तुम्ही काही वेळ खाली बघत चाला. फरशी म्हणजे रंगीत संगमरवराच्या सुमारे चारशे समाधीशिळा आहेत, प्रत्येक एका नाइटची. एखाद्या शिळेजवळ वाका. काळ्या दगडात पिवळसर पांढऱ्या दगडाचा सांगाडा बसवलेला, हातात कोयता किंवा वाळूचं घड्याळ, शेजारी कुळाचं चिन्ह आणि लॅटिन अक्षरं, आणि हे सगळं रंगवलेलं नसून वेगवेगळ्या रंगांचे दगड कापून एकात एक बसवलेले. सांध्यात नखही जाणार नाही. टोकदार टाचांवर बंदी का, हे तिथे कळतं.

प्रार्थनागृहाला लागून असलेल्या सभागृहात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' हे चित्र आहे, १६०८ चं. त्याने काढलेलं सगळ्यात मोठं चित्र आणि सही केलेलं एकमेव. सही शोधा: जॉनच्या मानेतून सांडलेल्या रक्तातून ती लिहिली आहे. रोममध्ये माणूस मारून पळालेला हा चित्रकार १६०७ मध्ये माल्टात आला, नाइट झाला, काही आठवड्यांतच भांडणावरून कैदेत पडला आणि पळून गेला. १६०८ च्या डिसेंबरमध्ये त्याला नाइट्सच्या पंथातून काढून टाकण्याचा समारंभ याच सभागृहात, याच चित्रापुढे झाला. चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग नुसती काळोखी भिंत आहे. समोरच्या बाकावर दहा मिनिटं बसा; पहिल्या दोन मिनिटांत गजाआडून बघणारे दोन कैदी लक्षातही येत नाहीत.

कॅथेड्रलला दीड तास द्या. नंतर रिपब्लिक स्ट्रीटवरच्या ग्रंथालयासमोरच्या चौकात बसून कॉफी घ्या. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आहे आणि तिच्या मांडीवर माल्टीज लेस कोरलेली आहे. ग्रँडमास्टर्स पॅलेस, सेंट एल्मो किल्ला, संग्रहालयं यांपैकी एकही या दिवसात घालू नका. प्रत्येक चांगलं आहे, पण एक जरी वाढवलं तरी दुपार धावपळीची होते.

पावणेबाराला अप्पर बराक्का बागेत पोहोचायचं. कमानींच्या रांगेखालून ग्रँड हार्बर पूर्ण दिसतं आणि पलीकडे बिर्गू, बोर्मला, इस्ला ही तीन जुनी गावं. खालच्या तटावर तोफा मांडल्या आहेत. रोज दुपारी बाराला आणि चारला त्यातली एक डागतात. जागा कठड्याजवळ हवी असेल तर वेळेआधी यावं लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर कान झाकायला सांगा, आवाज खरंच मोठा असतो.

या बंदराशी आपलाही एक धागा आहे. १८७८ मध्ये रशियाला दबावाखाली आणण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टात आणले, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. त्या सैनिकांपैकी कित्येकांचा समुद्रपार पहिलाच प्रवास असणार. कठड्यावरून ते पाणी बघताना मला ते नेहमी आठवतात.

दुपारचं जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

माल्टाचा राष्ट्रीय पदार्थ ससा आहे. पण शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, फक्त काय मागायचं ते माहीत हवं.

पास्तित्सी हा रस्त्यावरचा सर्वात स्वस्त आणि पोटभर खाण्याचा प्रकार. आपल्या इराणी बेकरीतल्या खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. मधोमध उघडं तोंड असलेलं ते चीजचं, बाजूला मुरड घातलेलं ते वाटाण्याचं. दुकानात बोट दाखवून मागता येतं. एकच काळजी: काही ठिकाणी पापुद्र्यांसाठी डुकराची चरबी वापरतात आणि वाटाण्याच्या सारणातही कधी मांस असतं. काटेकोर शाकाहारी असाल तर दोन्ही प्रश्न विचारा, लोक सरळ उत्तर देतात.

फ्तिरा हा चपटा गोल पाव. यात सर्रास टूना मासा घालतात, तेव्हा तो नको म्हणून सांगायचं आणि त्याऐवजी जबेना मागायचं, म्हणजे शेळी-मेंढीच्या दुधाची छोटी चीजची वडी. टोमॅटो, ऑलिव्ह, केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) आणि भरपूर ऑलिव्ह तेल असतंच. शाकाहाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. बरोबर बिजिल्ला मिळाली तर घ्या, कडधान्य शिजवून लसूण-मिरची घालून घोटलेली चटणी. किन्नी हे कडवट संत्र्याचं स्थानिक पेय एकदा चाखून बघा. पहिल्या घोटाला सगळ्यांना आवडत नाही.

रिपब्लिक स्ट्रीटवर जेवू नका. एक रस्ता बाजूला गेलात की तेच पदार्थ कमी पैशांत आणि जास्त आपुलकीने मिळतात. पाण्याची बाटली भरून घ्या.

अडीचची बस

सकाळी फोटो काढलेल्या फलाटावर अडीचच्या सुमारास या. ५१, ५२, ५३, तिन्ही इम्दीनाच्या वेशीजवळून जातात, जी आधी येईल ती. ५२ पुढे दिंगली गावाला जाते, म्हणून तीत बसलात तर उतरायच्या थांब्याकडे लक्ष ठेवा. सुटते तिथेच चढत असल्यामुळे खिडकी मिळते. डोळे मिटून घ्यायचा मोह होईल, पण हा प्रवास बघण्यासारखा आहे.

बस फ्लोरियानामधून बाहेर पडते, हमरूनच्या दाट वस्तीत शिरते. दुकानांच्या पाट्यांवर तुम्हाला एक्स अक्षर जागोजागी दिसेल, त्याचा उच्चार इथे श होतो. एवढं कळलं की निम्मी गावं वाचता येतात. माल्टीज ही अरबी कुळातली भाषा रोमन लिपीत लिहितात.

सांता व्हेनेराच्या आसपास रस्त्याकडेला दगडी कमानींची रांग सुरू होते. हा विन्याकूर जलसेतू. वॅलेटा वसवलं खरं, पण त्या डोंगरसोंडेवर पाण्याचा झरा नव्हता. म्हणून ग्रँडमास्टर विन्याकूर याच्या काळात, १६१० ते १६१५ मध्ये, रबात-दिंगलीकडच्या उंचावरच्या झऱ्यांचं पाणी नुसत्या उतारावर वॅलेटापर्यंत आणलं. तुम्ही बसने चढत जाता तो मार्ग पाणी उतरत येत असे. जमीन जिथे खोल गेली तिथेच कमानी लागल्या, बाकी पाट जमिनीतून.

याच दिशेने एकेकाळी रेल्वेही होती. १८८३ मध्ये वॅलेटा ते इम्दीना अशी माल्टाची एकुलती एक आगगाडी सुरू झाली. आधी ट्राम आणि मग बस आल्या, गाडीचे प्रवासी कमी होत गेले आणि १९३१ मध्ये ती बंद पडली. ट्राम त्याआधीच, १९२९ मध्ये थांबली होती. बस उरली. तीही दीर्घकाळ चालकांच्या स्वतःच्या मालकीची असे. प्रत्येक गाडी हौसेने सजवलेली, पुढे क्रोमची नक्षी, चालकाजवळ संताचं चित्र. आधी मार्गांनुसार रंग वेगळे होते, १९७३ मध्ये सगळ्या हिरव्या झाल्या, १९९५ मध्ये पिवळ्या. २०११ च्या जुलैमध्ये एका दिवसात त्या रस्त्यावरून गेल्या आणि आजच्या पद्धतीच्या गाड्या आल्या. आठवणवस्तूंच्या दुकानात पिवळी खेळण्यातली बस सगळीकडे दिसते, ती त्या जुन्या गाडीची.

अत्तार्द मागे पडलं की शेतं दिसू लागतात आणि समोर टेकडीवर तटबंदी, तिच्यावर घुमट. अर्ध्या ते पाऊण तासात पोहोचता, वाहतूक तुंबली तर तासही लागतो. घाई नसलेल्या दिवसात त्याचं काही वाटत नाही.

आधी रबात, मग इम्दीना

उतरल्यावर सगळे उजवीकडे वेशीकडे वळतील. तुम्ही आधी रबातमध्ये जा. रोमन काळात इम्दीना आणि रबातचा काही भाग मिळून मेलिते हे एकच मोठं शहर होतं. पुढे अरबांच्या काळात खंदक खणून शहर आक्रसलं, आतला भाग इम्दीना झाला, बाहेरचा रबात.

सेंट पॉलची भुयारी दफनभूमी थांब्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. खाली उतरल्यावर खडकात कोरलेली गोल टेबलं दिसतील, कंबरेपेक्षा कमी उंचीची, कडा किंचित उचललेली आणि भोवती रेलून बसण्यासाठी तिरका ओटा. सगळं एकाच खडकातून. मृतांच्या आठवणीत नातलग इथे एकत्र जेवत असत, असं अभ्यासक मानतात. टेबलाच्या पुढच्या कडेला एक छोटी खाच ठेवली आहे, पुसून घ्यायला सोपं जावं अशी. सोळा-सतराशे वर्षांपूर्वी कुणीतरी टेबल पुसायचाही विचार केला होता, हे मला कुठल्याही सोनेरी छतापेक्षा जास्त भावलं. भुयारं अरुंद आहेत, गुडघेदुखी किंवा कोंडल्यासारखं होण्याचा त्रास असेल तर वरचं छोटं संग्रहालय बघून परत या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेच्या आधीच असतो, म्हणून इम्दीनाआधी हे.

चहाची वेळ झालेली असते. रबातच्या जुन्या पास्तित्सीच्या दुकानांमध्ये दूध घातलेला कडक चहा काचेच्या ग्लासात देतात. युरोपात फिरून कंटाळलेल्या मराठी माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

साडेचारच्या सुमारास पुलावरून इम्दीनात शिरा. वेस १७२४ ची, मोंदियों या फ्रेंच अभियंत्याची. आत मोजकी तीनशेही माणसं राहत नाहीत, गाड्या फक्त रहिवाशांच्या. वॅलेटाच्या सरळ रेघांनंतर इथले वळणावळणांचे रस्ते लगेच जाणवतात. हे मध्ययुगीन गाव आहे, कुणी कागदावर आखलेलं नाही.

मुख्य रस्ता विलेगान्यों. त्यावर कार्मेलाइट पंथाचं चर्च लागेल. नेपोलियनने १७९८ च्या जूनमध्ये माल्टा घेतलं, आणि २ सप्टेंबरला फ्रेंच याच चर्चमधल्या मौल्यवान वस्तूंचा लिलाव करायला निघाले तेव्हा लोक उठले. फ्रेंच तुकडीचा प्रमुख मासों मारला गेला. दोन वर्षांनी फ्रेंचांना बेट सोडावं लागलं आणि ब्रिटिश आले.

कॅथेड्रल १६९३ च्या भूकंपानंतर लोरेंझो गाफा या माल्टीज वास्तुविशारदाने नव्याने बांधलं. आतलं बघायचं तर तिकीट वेळेत घ्यावं लागतं. मी म्हणेन, सकाळचं एक कॅथेड्रल पुरे, इथे समोरच्या चौकात उभं राहून दोन मनोऱ्यांवरची दोन घड्याळं बघा. एक वेळ दाखवतं, दुसरं तारीख आणि महिना.

नंतर रस्ता संपेपर्यंत चालत जा, तटावरच्या चौकात. मोस्ता गावातल्या चर्चचा प्रचंड घुमट, शेतं, दूर वॅलेटा आणि दोन्ही बाजूंना समुद्र. देश किती छोटा आहे हे इथून एका नजरेत कळतं. तटाला लागून केक-कॉफीची प्रसिद्ध जागा आहे. पाचनंतर खिडकीची जागा मिळण्याची शक्यता वाढते. मग मात्र मुख्य रस्ता सोडून डाव्या-उजव्या बोळांत शिरा. दारांवरच्या पितळी कड्या बघा, मासे, सिंह, सागरी घोडे, प्रत्येक घराच्या वेगळ्या. इथे लोक राहतात, म्हणून आवाज हळू ठेवायचा आणि उघड्या दारातून आत कॅमेरा रोखायचा नाही.

परत येताना

संध्याकाळी साडेपाच ते सात परतीच्या बसला गर्दी असते आणि दिंगलीकडून येणारी गाडी वेशीच्या थांब्यावर कधी भरूनच येते. अशा वेळी रबातच्या दिशेने एक-दोन थांबे मागे चालत जा आणि तिथे चढा. मुक्काम स्लिमाकडे असेल तर वॅलेटाला जायची गरज नाही, २०२ क्रमांकाची बस रबातहून थेट स्लिमाला जाते. वेळ जास्त घेते, पण बदलायची कटकट नाही. विमानतळाकडे राहत असाल तर २०१ दिंगलीच्या कड्यांच्या बाजूने जाते आणि उजेड असेल तर तो रस्ता सुंदर आहे.

गर्दी टाळायचा दुसरा मार्ग म्हणजे इम्दीनातच रात्रीचं जेवण करून आठनंतर निघणं. तेव्हा बस रिकाम्या असतात, पण दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. म्हणून हॉटेलचं बिल मागवण्याआधी अॅपवर पुढची बस बघा आणि तिच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर या. अंधारात उभे असाल तर हात दाखवताना फोनचा दिवा चालू ठेवा, चालकाला तुम्ही लांबून दिसता. दिवसातली शेवटची गाडी धरायचा बेत करू नका, तिच्या आधीची धरा. ती चुकलीच तर बोल्ट किंवा उबरच्या अॅपवर टॅक्सी मिळते. इम्दीना ते वॅलेटा रात्री वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर आहे.